छबी आणि पत



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, जेथे वेदान्त आणि अर्थकारण ह्यांची चर्चा व्हावयाची, तेथे फोटो कसे काढावेत हे सांगण्यासाठी हा गृहस्थ कशाला उभा राहिला! शंका रास्त आहे. पण माझा खरा विषय फोटो हा नसून पत हा आहे. पेठेतल्या दुकानदाराला गिऱ्हाईक तोंडाने ओळखते, त्याच्या हातचे माप ओळखते. अंतर्जालावर दुकान मांडणाऱ्याला मात्र ते प्रथम चित्रांवरूनच ओळखते. ती चित्रे आज एक सांगू लागली आणि उद्या दुसरे, तर विश्वास कशावर ठेवावयाचा?

माझ्या परिचयातील एक बाई खणाची परकर-पोलकी शिवून विकतात. हात अत्यंत सफाईदार. भाचीच्या आग्रहावरून त्यांनी इन्स्टाग्रामवर आपले काम मांडले. एक फोटो रात्री स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली, दुसरा भर दुपारी अंगणात आणि तिसरा भाचीने फोनमधली काही करामत लावून उजळलेला. महिन्याभरात एक पार्सल परत आले. तक्रार अशी की, फोटोत पाहिले ते डाळिंबी होते, हाती आले ते वांगी रंगाचे. बाईंनी कापड बदलले नव्हते. बदलला होता तो उजेड! पण गिऱ्हाइकाच्या लेखी त्या खोट्या ठरल्या, आणि परतीचा टपालखर्चही त्यांच्याच अंगावर पडला.

असे का झाले हे समजून घेतले पाहिजे. प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो आणि तो केल्विन ह्या मापाने मोजतात. घरातल्या पिवळ्या दिव्याचा उजेड सुमारे २,७०० केल्विन, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५००, तर निळ्या आकाशाखालच्या सावलीतला ७,००० च्याही पुढे जातो. आकडा वाढेल तसा उजेड निळसर होत जातो. आपला डोळा ह्या फरकाशी इतक्या सहजपणे जुळवून घेतो की पांढरा पंचा आपल्याला दिव्याखालीही पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला मात्र पांढरे कोणते ह्याचा अंदाज बांधावा लागतो. चौकटभर एकाच रंगाचे कापड असले की तो अंदाज हमखास चुकतो. दिव्याच्या तांबूस उजेडात वांगी रंग डाळिंबीकडे झुकला, तो असा.

ह्यावरचा उपाय खर्चाचा नाही, नेमाचा आहे. एक जागा, एक वेळ, एक अंतर आणि एक पार्श्वभूमी. उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तम, कारण आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ तीतून थेट ऊन येत नाही. खोलीतले दिवे बंद करावेत, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की मागाहून दुरुस्ती करणे कठीण. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावल्या सौम्य होतात. पहिल्या फोटोत कापडाशेजारी एक कोरा कागद ठेवावा आणि तो पांढरा दिसेल अशा बेताने रंग जुळवावा. तीच जुळणी त्या बैठकीतल्या सर्व फोटोंना लावावी.

आता चेहऱ्याकडे वळू. हात लांब करून स्वतःचा फोटो काढला की नाक मोठे दिसते, आणि दोष भिंगाला दिला जातो. खरा दोष अंतराचा आहे. नाक आणि कान ह्यांत सुमारे १२ सेंटिमीटरचे अंतर धरा. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ वर येतो, म्हणजे कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठे उमटते. तोच फोन दीड मीटरवर नेला तर हे प्रमाण १.०८ वर येते आणि चेहरा आपल्या ओळखीचा दिसतो. म्हणून फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा किंवा स्टुलावर ठेवावा, आणि दर वेळी तितक्याच अंतरावर बसावे.

चित्राची कड कोठे येणार ह्याचाही विचार हवा. इन्स्टाग्राम २०१० साली निघाले तेव्हा तेथे चौरसच चित्र चाले. २०१५ मध्ये ती अट गेली, आणि २०२५ मध्ये चित्रांच्या मांडणीतले चौरस उभट झाले. मांडणी दुसऱ्याच्या हातची, ती पुन्हा बदलेल. तेव्हा मुख्य वस्तूभोवती मोकळी जागा सोडणे हेच शहाणपणाचे.

येथे कोणी म्हणेल, सारेच फोटो एका साच्याचे झाले तर कंटाळा येणार नाही काय? गवई तंबोरा एका पट्टीत लावतो म्हणून तो रोज एकच राग गातो असे नव्हे. पट्टी पक्की असते म्हणूनच त्याला हवे तेथे फिरता येते. एकसूत्रीपणा निराळा आणि एकसुरीपणा निराळा.

ही विद्या आजची नाही. १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी ह्याने एकाच काचेवर अनेक छबी घेण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि लहान छबीपत्रे स्वस्त झाली. गुलामगिरीतून सुटलेली अमेरिकेतील सोजर्नर ट्रुथ ही अशी छबीपत्रे विकून उदरनिर्वाह करी. पांढरी टोपी, शाल आणि पुष्कळदा हातात विणकाम, अशी तिची बैठक ठरलेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण १८६४ साली तिने आपल्या छबीचे हक्क स्वतःच्या नावे नोंदवून घेतले. तिचा समकालीन फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये गुलामगिरीतून निसटला. त्याची सुमारे १६० छायाचित्रे आज ज्ञात आहेत. गडद कोट, साधी पार्श्वभूमी, गंभीर नजर. तो सहसा हसत नसे, कारण व्यंगचित्रांतून रंगवला जाणारा हसरा, समाधानी गुलाम त्याला खोटा पाडावयाचा होता. पन्नासहून अधिक वर्षे ही रीत टिकली. केस पिकले, ते पिकलेलेच दिसू दिले.

ह्या अखेरच्या गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. आज फोनमधली एक कळ दाबली की कातडी उजळते, सुरकुत्या जातात, हनुवटी निमुळती होते. ही कळ दर वेळी दाबली तर त्यातही एकसूत्रीपणा येईल. पण तो खोटेपणाचा एकसूत्रीपणा होय. सावळ्या माणसाने गोरे दिसावे ही जुनीच सक्ती नव्या यंत्रातून आपल्या घरात शिरते आहे, आणि आपण तिला सौंदर्य म्हणतो! ज्या करामतीने बाईंचा चेहरा उजळला, तिनेच कापडाचा रंगही बिघडवला होता, हे विसरता कामा नये.

त्या बाई आता सकाळी नऊच्या सुमारास माजघरातल्या खिडकीपाशी जुन्या पांढऱ्या चादरीवर काम मांडतात. महिन्यातून एकदा स्वतःही तेथेच बसतात, चष्म्यासकट आणि सुईदोऱ्यासकट. वांगी रंग वांगीच दिसतो. तो कोणाला आवडत नाही, तेव्हा ते गिऱ्हाईक मागवीत नाही. पण ज्याने मागविले त्याचे पार्सल रंगासाठी परत आलेले नाही. जे आहे ते रोज एकाच उजेडात दाखवणे, एवढेच मला सांगावयाचे होते.