पुढचा ॲक्सल का तुटतो?

धार जिल्ह्यातील तिरल्याच्या परिसरात माळव्याची काळी माती आणि तिच्याखालचा बेसॉल्टचा खडक जागोजागी एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि मांडूच्या बाजूने विंध्याचे कडे निमाडात उतरू लागले की खडकाळ, ओबडधोबड वाटा सुरू होतात. पावसाळ्यात ही माती फुगून साबणासारखी निसरडी होते, मात्र वीतभर खाली दगड तसाच टणक राहतो. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचा पुढचा ॲक्सल मोडायला याहून अनुकूल जमीन क्वचितच सापडेल.

याच जिल्ह्यातील पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत फोर्स मोटर्सचा कारखाना आहे. नवलमल फिरोदिया यांनी 1958 मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने 2005 मध्ये फोर्स मोटर्स हे नाव घेतले, आणि तिची गुरखा ही गाडी पुढच्या व मागच्या दोन्ही ॲक्सलना कारखान्यातूनच लॉक, म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र बांधणारी यंत्रणा, मिळणाऱ्या मोजक्या भारतीय गाड्यांपैकी एक ठरली. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्राच्या थारमध्ये यांत्रिक लॉक केवळ मागच्या ॲक्सलला मिळतो. पुढच्या ॲक्सलला लॉक देण्यास बहुतेक निर्माते का कचरतात, याचे उत्तर डिफरन्शियलच्या रचनेत आहे.

वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. दोन चाकांमध्ये 1.3 मीटर अंतर असलेली गाडी काटकोनात वळली, तर हा फरक सुमारे दोन मीटरचा होतो, आणि तो सामावून घेण्यासाठी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल. ही जुळणी दोन्ही बाजूंना नेहमी सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर देते; त्यामुळे एक चाक हवेत गेले की त्याला जोर लागत नाही आणि जमिनीवरच्या चाकालाही तो मिळत नाही. गाडी अडकते, पण तीच अडचण हाफ शाफ्टचे, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याचे, संरक्षणही करते.

लॉक लावला की दोन्ही दांडे एकजीव होऊन फिरतात आणि हे संरक्षण संपते. पुढच्या ॲक्सलवर 1,000 किलो भार आहे, चाकाची त्रिज्या 38 सेंटिमीटर आहे आणि कोरड्या खडकावर टायरची पकड भाराइतकीच आहे असे धरले, तर लॉक नसताना प्रत्येक दांड्यावर जास्तीत जास्त सुमारे 1,850 न्यूटन-मीटर टॉर्क येतो; लॉक असताना एक चाक अधांतरी आणि सगळा भार दुसऱ्यावर अशी स्थिती आली, तर त्या एका दांड्याला 3,700 न्यूटन-मीटर सोसावे लागतात. फोर-बाय-फोर लो, म्हणजे गती घटवून जोर वाढवणाऱ्या गिअरमध्ये, एवढा टॉर्क पुरवणे इंजिनाला जड जात नाही. मोठे टायर बसवण्याची हौस या हिशेबात थेट भर घालते, कारण त्रिज्या वाढते त्या प्रमाणात दांड्यावरचा पीळही वाढतो.

तरीही केवळ या दुप्पट भाराने दांडे सहसा तुटत नाहीत. ते तुटतात धक्क्याने. चिखलात भरधाव फिरणाऱ्या चाकात, दांड्यात आणि इंजिनाच्या जड फ्लायव्हीलमध्ये बरीच ऊर्जा साठलेली असते, आणि मातीखालचा दगड लागून चाक एका क्षणात थांबले, की ती सगळी ऊर्जा सर्वांत कमजोर जागी फुटते. चढावर पुढचे चाक उसळून हवेत गेले आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असतानाच खाली आदळले, तरीही हेच होते.

पुढच्या ॲक्सलची ही कमजोर जागा म्हणजे वळणारा सांधा. जुन्या जीपसारख्या अखंड ॲक्सलच्या गाड्यांत चाकापाशी युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तो भाग, असतो. चाक 30 अंशांत वळलेले असताना हा सांधा प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे 15 टक्के वेगवान आणि दोनदा 13 टक्के मंद होतो, म्हणजे जोर सलग न जाता हिसक्यांनी जातो, आणि त्याच वेळी क्रॉसला धरणारे कान एकमेकांच्या जवळ येऊन त्यांच्यावर ताण वाढतो. हल्लीच्या गुरखात पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात आणि तिथे गोळ्यांचा सीव्ही जॉइंट असतो. तो गती एकसारखी ठेवतो, परंतु स्टिअरिंग पूर्ण वळलेले आणि चाक खाली लोंबलेले असे दोन कोन एकत्र आले की गोळ्यांवरचा भार असमान होतो आणि त्यांना धरणारा पिंजरा तडकतो.

त्यामुळे प्रतिबंधाचे पहिले साधन चालकाचे हातपाय हेच आहे. लॉक गाडी थांबवून, अडथळ्याच्या आधी लावावा. प्रथम मागचा, आणि त्याने काम भागले नाही तरच पुढचा. पुढचा लॉक लागलेला असताना चाके शक्यतो सरळ ठेवावीत, अडथळा ओलांडताच तो काढावा, आणि चाक उसळू लागले की पाय तत्काळ उचलावा. डांबरी वा सिमेंटच्या रस्त्यावर तो कधीही लावू नये, कारण वळणावरचा दोन मीटरचा फरक तिथे टायर सरकून भरून निघत नाही आणि तो पीळ दांड्यात साठत जातो. टायरमधली हवा 30 पीएसआयवरून 18च्या आसपास आणली, तर टायर दगडाला वेढून बसतो आणि लॉकची गरजच अनेकदा उरत नाही. पक्क्या रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी लागते, एवढेच. गाडी अडकल्यावर जोर वाढवत राहण्यापेक्षा विंच, म्हणजे दोराने गाडी ओढून काढणारे यंत्र, वापरणे स्वस्त पडते, आणि 2014 पासून गोव्याच्या पावसात झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धांत कसलेले चालकही विंच वापरण्यात कमीपणा मानत नाहीत.

क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे जाड दांडे बसवणे हा उपाय लोकप्रिय आहे, पण त्याला पहिले स्थान देणे चूक आहे. दांडा बळकट झाला की तुटण्याची जागा आत सरकते आणि क्राउन-पिनियनचे दाते किंवा डिफरन्शियलचे घर मोडते, ज्याची दुरुस्ती रानात होत नाही. जुन्या जीपना लावले जाणारे फ्री-व्हील हब, म्हणजे चाक दांड्याला जोडणारे वा त्यापासून सोडवणारे भाग, या दृष्टीने सोयीचे होते. काही वेळा तेच आधी तुटे आणि बाहेरच्या बाहेर बदलता येई.

देखभालीत दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. सीव्ही जॉइंटवरचा रबरी बूट फाटला, तर ग्रीसमध्ये मातीचे कण मिसळून गोळ्या घासल्या जातात, आणि पूर्ण वळणावर येणारा ‘कट-कट’ आवाज हे त्याचे लक्षण असते. दुसरे म्हणजे दांडा बसवताना त्यावर लांबीच्या दिशेने रंगाची सरळ रेघ ओढून ठेवावी. पुढच्या तपासणीत ती मळसूत्रासारखी फिरलेली दिसली, तर पोलाद कायमचे पिळले गेले आहे आणि दांडा बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे.

दांडा तुटलाच, तर तुकडा फेकून न देता त्याचे तोंड पाहावे. शंखावरच्या वळ्यांसारख्या रेषा दिसल्या, तर तडा बराच काळ वाढत होता असे निश्चित होते, आणि तेवढाच भार सोसलेला दुसऱ्या बाजूचा दांडाही त्याच वेळी बदलावा.