पोशाख बीकेसीत, रापी धारावीत

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉमिक कॉनचे फोटो एव्हाना सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून झाले. कोण कुठल्या पात्राच्या वेशात आलं, हे पुन्हा सांगण्यात हशील नाही. माझी नजर गेली ती खांद्यांवर आणि कमरांवर. अंगरखा घरी शिवलेला, झकास. पण पट्टा रेग्झिनचा आणि खांद्यावरचं कवच म्हणजे फोमवर फासलेला तपकिरी रंग. कापड जमतं, चामड्यापाशी गाडी अडते.

अडणारच. कापडावर टीप चुकली तर उसवता येते; चामड्याला पडलेलं भोक कायमचं. म्हणून टाचण्या नाहीत, कच्चा धागा नाही. तुकडे सोल्युशनने चिकटवायचे किंवा चिमट्यांनी धरायचे, मगच शिवायचं. टाका ३-४ मिलिमीटरचा हवा. बारीक घातला तर चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांवरच फाटतं. घडी घालून दोन तुकडे एकदम कापायची सोयही नाही. कातडं पाठीच्या बाजूला घट्ट, पोटाकडे सैल. एक खांदा पाठीतून आणि दुसरा पोटातून काढला, की वापरता वापरता एक बाजू लोंबू लागते.

जाणकार आधी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर बेततात. दुमडायची कड रापीने आतून तासतात, नाहीतर जाड घडीत मशीनची सुई मोडते. चामड्याचे भाग टिचबटणांनी सुटे ठेवतात, कारण अंगरखा धुता येतो, खांदेपट्टी नाही. पावसाळ्यात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली, की बुरशी आलीच.

हे शिकायला मुलं यूट्यूबवर परदेशी व्हिडिओ बघत बसतात. मिठी ओलांडली की धारावी! तिथला चामड्याचा धंदा वाढला तोच वांद्र्याच्या कत्तलखान्याच्या आधाराने. १९७१मध्ये कत्तलखाना देवनारला गेला. २०१५पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कच्चा माल आटला, तरी म्हशीचं-बकरीचं चामडं मिळतं आणि ते शिवणारे हातही अजून तिथेच आहेत.

अडचण आहे ती ‘सगळं मीच केलं’ या हट्टाची. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. एवढे पोशाख कुणी एकट्याने शिवत नसतं. कल्पना एकाची, कात्री दुसऱ्याची, सुई तिसऱ्याची. नाव मात्र पहिल्याचंच राहतं. हौशी पोशाखांच्या स्पर्धेला ही रीत मोडणं सहज शक्य आहे. प्रवेशअर्जात एक रकाना वाढवा : चामडं कुणी कापलं, कुणी शिवलं. त्यात धारावीतल्या कारागिराचं नाव असेल, तर गुण कापू नका, उलट त्यालाही मंचावर बोलवा. त्याच्या हातची खांदेपट्टी आणि रंगवलेला फोम शेजारी शेजारी दिसले, की परीक्षकांना फार विचार करावा लागणार नाही.