थंडीतील मासेमारी : डिंभे जलाशय व कुकडीचे पात्र

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. शेते बुडालेल्या आदिवासी कुटुंबांपैकी काहींनी पुढे सहकारी संस्था उभारून त्याच पाण्यात मासेमारी आरंभिली. हिवाळा त्यांच्या कसोटीचा.

पाणी गार झाले की माशाची भूक व हालचाल मंदावते. रोहू, मृगळ खोल पाण्यात स्थिरावतात. त्यामुळे भल्या पहाटे काठालगत जाळे फेकणे बहुधा व्यर्थ. दुपारी उथळ पाणी तापल्यावर फेकजाळे वापरावे. कल्ल्यांत अडकविणारे जाळे सायंकाळी, उथळाकडून खोलाकडे जाणाऱ्या वाटेवर आडवे लावावे. मासा स्वतः फिरला तरच ते उपयोगी पडते.

मासळी कमी मिळू लागली की बारीक आसाचे जाळे काढण्याचा मोह होतो. तो घातक आहे. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण करीत नाहीत. पैसे खर्चून सोडलेली बोटुकलीच मग उचलली जाते, आणि पुढील वर्षीचे जाळे रिकामे येते.

जुन्नरकडे धोका निराळा. माणिकडोहातून येडगावकडे सोडलेले पाणी कुकडीच्या पात्रातूनच वाहते व पात्र अकस्मात भरते. ग्रामसेवकांनी आवर्तनाची तारीख पाटबंधारे शाखेकडून आगाऊ घेऊन चावडीवर लावावी व मासेमारांच्या वस्तीवर स्वतः जाऊन सांगावी.