वेबसाइट आधी आपल्याच संगणकावर



गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या गटाची वेबसाइट बंद पडली. चकली-चिवड्याचे दर, सगळ्या जणींचे फोटो, ऑर्डर कशी द्यायची ती माहिती, सगळं तिच्यावर होतं. ज्या मुलानं ती बनवून दिली होती, त्याचा फोन लागेना. पासवर्ड त्याच्याकडे, वेबसाइटचं नावही त्याच्याच नावावर घेतलेलं. पैसे आम्ही भरले होते, पण हातात काहीच नव्हतं. त्या मुलाला काय दोष द्यायचा? गटाचं बँकेतलं खातं आपण दोघी-तिघींच्या सहीनं चालवतो, आणि वेबसाइट मात्र डोळे मिटून दुसऱ्याच्या हाती दिली होती.

म्हणून आज सांगते, वेबसाइट इंटरनेटवर टाकण्याआधी ती आपल्या संगणकावर कशी उभी करायची. याला पैसे लागत नाहीत, आणि चुकलं तर बाहेर कुणाला दिसतही नाही.

आपण वापरणार आहोत तो प्रोग्राम म्हणजे वर्डप्रेस. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली तो सुरू केला. तो मोफत आहे, कुणीही घ्यावा, वापरावा, हवा तसा बदलावा. मजकूर आणि फोटो नीट लावून ठेवणारी ही व्यवस्था आहे. एकदा बसवली की दर बदलायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. मोबाइलवर मेसेज लिहितो तसं लिहायचं आणि बटण दाबायचं.

पण वर्डप्रेस एकटा चालत नाही. आपल्याकडची पंगत डोळ्यांसमोर आणा. पंगतीला एक वाढपी लागतो, एक स्वयंपाकीण लागते आणि सामानाची कोठी लागते. इथला वाढपी म्हणजे वेब सर्व्हर, त्याचं नाव अपाची. स्वयंपाकीण म्हणजे पीएचपी. कोठी म्हणजे डेटाबेस. कुणी पान मागितलं की पीएचपी कोठीतून सामान काढते, वर्डप्रेसच्या कृतीप्रमाणे ताजं पान तयार करते, आणि अपाची ते वाढतो. म्हणजे पान आधीपासून तयार पडलेलं नसतं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

हे तिघंही एकत्र मिळतात ते झॅम्प नावाच्या प्रोग्राममध्ये. स्पेलिंग आहे एक्स, ए, एम, पी, पी. तो अपाची फ्रेंड्सच्या साइटवरून आणि वर्डप्रेस हा वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून उतरवून घ्या. दुसरीकडून घेऊ नका. आता विंडोजच्या संगणकावर काय करायचं ते ऐका.

पहिलं काम, झॅम्प बसवा आणि त्याचं कंट्रोल पॅनल उघडा. तिथं अपाची आणि मायएसक्यूएल या दोन नावांपुढची स्टार्ट बटणं दाबा. नावांना हिरवा रंग आला की वाढपी आणि कोठी दोन्ही तयार. अपाची सुरूच होत नसेल, तर बहुतेक वेळा त्याच्या दारात, म्हणजे ८० नंबरच्या पोर्टवर, दुसरा कुठला प्रोग्राम बसलेला असतो. तो बंद करून परत स्टार्ट दाबा.

दुसरं काम, वर्डप्रेसची झिप फाइल सोडवा. आतलं वर्डप्रेस नावाचं फोल्डर सी ड्राइव्हवर झॅम्पच्या फोल्डरमध्ये जे एचटीडॉक्स फोल्डर आहे, त्यात ठेवा. त्याला सोपं नाव द्या. आम्ही इंग्रजीत ‘गट’ असं दिलं, जी, ए, टी.

तिसरं काम, ब्राउझर उघडा. वरच्या पट्टीत इंग्रजीत लोकलहोस्ट, मग तिरकी रेघ, मग पीएचपीमायअ‍ॅडमिन असं लिहा. लोकलहोस्ट म्हणजे हाच आपला संगणक. तिथं न्यू दाबून ‘गट’ नावाचा रिकामा डेटाबेस तयार करा. ही झाली आपली कोठी.

चौथं काम, आता पट्टीत लोकलहोस्ट, तिरकी रेघ, गट असं लिहा. इंटरनेट चालू असेल तर भाषांची यादी येते, तिच्यात मराठीही आहे. मग डेटाबेसचं नाव विचारेल, तिथं गट लिहा. वापरकर्ता म्हणून ‘रूट’, आर, ओ, ओ, टी. पासवर्डची जागा रिकामी सोडा. बाकी आहे तसं राहू द्या. शेवटी साइटचं नाव, तुमचं वापरकर्ता नाव, पासवर्ड आणि ईमेल भरा. झाली वेबसाइट उभी.

आता हवं ते करून बघा. पान लिहा, पुसा, फोटो लावा, रंग बदला. मात्र मैत्रिणींचे फोटो आणि नंबर त्यांना विचारूनच घाला.

आता कोठीची गोष्ट आठवा. पुष्कळ जणी नुसतं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतात आणि निर्धास्त होतात. त्यात फोटो येतात, पण लिहिलेला मजकूर येत नाही, कारण तो कोठीत असतो. म्हणून पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये आपला डेटाबेस उघडून एक्सपोर्ट दाबा. जी फाइल मिळेल तीही सोबत ठेवा. दोन्ही असतील, तरच साइट पुन्हा उभी राहते.

ही साइट फक्त सरावासाठी आहे. झॅम्पच्या कोठीला कुलूप नसतं, रूटचा पासवर्ड रिकामा असतो. त्यामुळे हाच संगणक इंटरनेटला खुला करू नका. जगाला दाखवायची वेळ आली की वेबसाइटचं नाव आणि जागा भाड्यानं घ्यावी लागते. तेव्हा कुणी जाणकार मदतीला घ्या, जरूर घ्या. पण आधी बैठकीत ठराव करा: नाव गटाच्या ईमेलवर घ्यायचं, पावती गटाच्या फायलीत ठेवायची, पासवर्ड दोघींकडे राहील, आणि नावाचं भाडं भरायची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहायची.

आमची साइट आम्ही पहिल्यापासून परत लिहिली. जुने फोटो काही मिळाले नाहीत. पण या वेळी पेनड्राइव्ह गटाच्या पेटीत आहे, पासबुकाशेजारी. तुम्ही पुढच्या बैठकीपर्यंत एवढंच करा: एक पान लिहा, आणि त्याच्या दोन्ही फाइली पेटीत ठेवा.