नोकरांस सावधपणा शिकवावा कसा?

भोर तालुक्यांतील आंबवडे येथें राजाराम महाराजांच्या काळचे सचिव शंकराजी नारायण यांची समाधि आहे. राजपत्रें तपासणें, त्यांतील अधिकउणें सुधारणें व संमतीचें चिन्ह करणें हें सचिवाचें काम. पत्राच्या अखेरीस मर्यादामुद्रा उमटवीत, ती मागाहून कोणीं मजकूर घुसडूं नये म्हणून. तेव्हां माहितीचें रक्षण ही कांहीं संगणकाबरोबर जन्मलेली विद्या नव्हे.

चोरांचीं साधनें मात्र बदललीं. फेब्रुवारी २०१६ मध्यें बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले. तत्पूर्वीं तेथील नोकरांस नोकरीच्या अर्जाचें सोंग घेतलेलीं ई-पत्रें आलीं होतीं. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांचीं बनावट कार्डें वापरून २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले, व १३ तारखेस आणखी रक्कम हाँगकाँगकडे वळविली गेली. एकूण आंकडा सुमारें ९४ कोटी रुपयांचा. दोन्हीकडे चोरांनीं सुटीची वेळ साधली होती.

यावर उपाय म्हणून पुष्कळ कचेऱ्या वर्षाकाठीं एक व्याख्यान ठेवितात. आम्हीं जन्मभर मुलांस शिकविलें; परंतु एकदां ऐकून पाठ मुखोद्गत झालेला विद्यार्थी विरळाच. संथा थोडी थोडी व वारंवार द्यावी लागते. शिवाय ती ज्याच्या त्याच्या कामाजोगी असावी: हिशेबनिसास खोट्या देयकाची, नोकरभरती करणारास खोट्या अर्जाची. पैसे नव्या खात्यांत भरा असें पत्र आल्यास त्यांतील क्रमांकावर विचारूं नये. आपल्या दप्तरीं असलेल्या जुन्या क्रमांकावर विचारावें. मधून मधून कचेरीनेंच एखादें लटकें पत्र पाठवून परीक्षा घ्यावी, व जो फसेल त्यास एकांतीं समजावून द्यावें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, चूक कबूल करणारास शिक्षा नसावी. छडीच्या भयानें मूल फुटलेली पाटी लपवितें. तसाच नोकर चुकून उघडलेलें पत्र लपवितो, आणि चोरास हवा असलेला वेळ मिळतो. म्हणून किती जण फसले यापेक्षां किती जणांनीं तत्काळ कळविलें, हेंच शिक्षणाच्या यशाचें माप धरावें.

वाचकांनीं आपल्या घरांतील कमावत्या मंडळींस एवढेंच विचारावें: सुटीच्या दिवशीं संशयाचें पत्र आलें, तर कचेरींत कोणास कळवाल? उत्तर चटकन् न आल्यास तेथील शिक्षण अपुरें आहे असें समजावें.