शनिवारी घाणा बंद

अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायली या कोकणातल्या यहुदी समाजाची परंपरागत कथा. तेल गाळणं हा त्यांचा धंदा. शनिवारी म्हणजे शब्बाथला, विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. यहुदी म्हणून छळ कोकणात त्यांच्या वाट्याला आला नाही. धर्म कळायच्या आधी गावाला जात दिसली होती, एवढंच. जात पाहायची ती सवय त्यांनाही लागलीच: ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असे त्यांच्यातच दोन गट होते, आणि ‘गोरे’ ‘काळ्यां’शी सोयरीक करत नसत.

त्यांच्या यहुदी असण्यावर खरा संशय घेतला तो इस्रायलला गेल्यावर, स्वधर्मीयांनी. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलींच्या विवाहांआधी पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. पेणकर, रोहेकर अशी आडनावं लावणाऱ्या या समाजाला आपण यहुदी असल्याचं जेरुसलेममध्ये निदर्शनं करून सांगावं लागलं. १९६४ मध्ये तो आदेश बदलला.

महाराष्ट्राने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला २०१६ मध्ये. तोवर बहुतेक घरं इस्रायलला गेलेली. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे. नवस फेडायला आजही पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा होतो.