घोड्याच्या आतड्यातून मांजराच्या इंजेक्शनपर्यंत

कुत्रा ओकला की आपण फडकं शोधतो आणि मांजर ओकलं की ‘केसांचा गोळा असेल’ म्हणून मोकळे होतो. मला मात्र कित्येक वर्षं या ओकारीमागच्या यंत्रणेनं झपाटलं आहे. घरी जेवताना हा विषय काढायला बंदी असल्यामुळे इथं लिहितो. फराळ आटोपूनच वाचावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मेंदूच्या तळाशी एक ठिकाण असं आहे, की रक्तातून मेंदूत काय जावं यावरचा पहारा तिथं ढिला असतो. रक्तात विष आलं की ते तिथं कळतं. आतड्यातून आणि कानातल्या तोलाच्या अवयवातून येणाऱ्या खबराही जवळच पोचतात आणि उलटी सुरू होते. एवढं पुरे.

खरी गंमत कुत्रा आणि मांजर यांच्यातल्या फरकात आहे. कुत्र्यानं विष खाल्लं, तर डॉक्टर अपोमॉर्फिन देऊन त्याला ओकायला लावतात. मांजराला ते फारसं लागू पडत नाही, तिथं झायलॅझिनसारखं वेगळंच औषध लागतं. अपोमॉर्फिन डोपामिन या मेंदूतल्या निरोप्यासारखं काम करतं आणि मांजराच्या मेंदूतल्या त्या ठिकाणी डोपामिनला फारसं महत्त्व नाही. म्हणून डोपामिन अडवणारं मेटोक्लोप्रमाइड कुत्र्याची उलटी थांबवतं, तसा त्याचा मांजरात भरवसा देता येत नाही. प्रवासात आपण घेतो त्या अँटिहिस्टामिन गोळ्यांचंही मांजरापुढं फारसं चालत नाही. तरीही ‘कुत्र्याची गोळी अर्धी करून द्या’ असा सल्ला सोसायटीच्या जिन्यात फुकट मिळतोच.

मग दोघांनाही लागू पडणारं काही आहे का? आहे, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. 1931 साली उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना लंडनमध्ये घोड्याच्या आतड्याच्या आणि मेंदूच्या अर्कात एक द्रव्य सापडलं. ते पुढं ‘सबस्टन्स पी’ म्हणून ओळखलं गेलं. उलटीचा निरोप शेवटच्या टप्प्यावर पोचवणाऱ्यांत ते प्रमुख आहे, हे कळायला अनेक दशकं गेली. आणि सापडलं कुठं, तर ज्याला उलटी करताच येत नाही त्या घोड्यात! उंदरांनाही ती येत नाही, म्हणून या संशोधनात फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला बराच भाव आला. सबस्टन्स पीची वाट अडवणारं मॅरोपिटंट अमेरिकेत 2007 मध्ये कुत्र्यांसाठी आणि 2012 मध्ये मांजरांसाठी मंजूर झालं.

मॅरोपिटंटचं इंजेक्शन झोंबतं. एका दवाखान्यात बोक्याला टोचायला डॉक्टरताईंनी बाटली थेट फ्रीजमधून काढलेली पाहून मी कारण विचारलं. औषधाचे रेणू साखरेच्या कड्यांत अडकवलेले असतात, थंडीत ते घट्ट धरून राहतात, सुटे कमी पडतात आणि आग कमी होते. त्या दिवशी मी बोक्यापेक्षा त्या बाटलीकडेच जास्त पाहत होतो.

खंबाटकी घाटात गाडीची गादी खराब करणाऱ्या कुत्र्यांसाठी याचीच गोळी असते. ती निघण्याच्या दोनएक तास आधी, थोड्याशा खाण्याबरोबर देतात. मात्र प्रवासासाठी किलोमागं 8 मिलिग्रॅम लागतं, साध्या उलटीसाठी 2. हा चौपट फरक डॉक्टरांनीच सांभाळावा.

माझी तक्रार औषधाविषयी नाही, ते घाईनं देण्याविषयी आहे. आंब्याची कोय किंवा दोरा आतड्यात अडकला असेल, तर उलटी थांबते आणि अडथळा तसाच राहतो. शिवाय हे औषध उलटी जितकी पक्की रोखतं, तितकी मळमळ रोखत नाही. लाळ गळणं, सारखे ओठ चाटणं, उगाच घोट गिळणं, ताटलीपाशी येऊन तोंड फिरवणं या मळमळीच्या खुणा आहेत. इंजेक्शननंतर उलटी थांबली, पण जनावर खात नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पुन्हा दवाखान्यात न्या आणि घरातलं काय काय त्याच्या तोंडी लागलं असेल ते डॉक्टरांना न लपवता सांगा.